भाषेची खिडकी आणि चिंचेतला च

नर्सरीचे प्रवेश सुरू झाले की एक संदेश हमखास फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा : 'मेंदूतली भाषेची खिडकी सातव्या वर्षी कायमची बंद होते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. तोवर मूल स्पंजासारखं वाटेल तेवढ्या भाषा शोषून घेतं. म्हणून इंग्रजी जितकं लवकर तितकं चांगलं. घरातही इंग्रजीच बोला, कार्टूनही इंग्रजीच लावा. लहानपणी शिकलेली भाषा माणूस जन्मात विसरत नाही. चाळिशीनंतर मात्र नवी भाषा शिकायला जाणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.' खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

मी पुण्यात संध्याकाळी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. बदलीवर आलेले बँकवाले, नर्सेस, लग्न होऊन मराठी घरात आलेल्या मुली, नातवंडं सांभाळायला येऊन राहिलेले आजी-आजोबा. शेवटचं वाक्य खरं असेल तर मी वर्गाला कुलूप लावायला हवं. तेव्हा माझा स्वार्थ आधीच कबूल करते आणि एकेक वाक्य घेते.

'खिडकी सातव्या वर्षी बंद होते'

शास्त्रज्ञांनी म्हणजे कोणी? ही कल्पना रुजवली भाषा आणि मेंदूचे अभ्यासक एरिक लेनेबर्ग यांनी, १९६७ साली. त्यांनी सांगितलेला काळ साधारण दोन वर्षांपासून मूल वयात येईपर्यंतचा. त्यात सात हा आकडा नाही. शिवाय त्यांचा रोख मुख्यतः पहिल्या भाषेवर होता. मोठेपणी शिकलेल्या भाषेबद्दल ते म्हणतात की परका हेल सहजासहजी जात नाही, पण चाळिसाव्या वर्षीही माणूस परक्या भाषेत बोलायला-चालायला शिकू शकतो. हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

पहिल्या भाषेच्या बाबतीत मात्र वय खरोखर निर्दय आहे. १९७० साली लॉस एंजेलिसच्या भागात १३ वर्षांची एक मुलगी सापडली. तिला घरच्यांनी कोंडून ठेवलं होतं, तिच्याशी कोणी बोलतच नसे. नंतर तिला शब्द पुष्कळ आले, पण धड वाक्यरचना कधी बसली नाही. तिच्यावर इतर अत्याचारही झाले होते, त्यामुळे एकट्या वयाला दोष देता येत नाही. त्याहून स्पष्ट पुरावा आहे तो जन्मतः किंवा पुढे ऐकू येईनासं झालेल्या माणसांचा. रेचल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की ज्यांना लहानपणी कुठलीही एक भाषा पूर्णपणे मिळाली, मग ती बोलण्याची असो की खुणांची, ते पुढे दुसरी भाषा चांगली शिकतात. ज्यांना लहानपणी कुठलीच भाषा मिळाली नाही, त्यांना नंतर शिकलेली भाषा फार जड जाते. म्हणजे घाई करायचीच असेल तर पहिल्या भाषेची करा. ऐकू न येणाऱ्या बाळाच्या आईवडिलांना खाणाखुणांची भाषा आजच्या आज शिकवायला हवी, पण त्यांच्यासाठी असा फॉरवर्ड फिरताना मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या भाषेच्या व्याकरणाचं काय? २०१८ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी इंटरनेटवरच्या एका इंग्रजी चाचणीतून सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची माहिती तपासली. त्यांच्या हिशेबात शिकण्याचा वेग घसरायला लागतो तो १७.४ वर्षांना. अगदी जन्मजात बोलणाऱ्यासारखं व्याकरण हवं असेल तर दहाच्या आसपास सुरुवात झालेली बरी, हेही त्यांनीच सांगितलं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा बऱ्याच शिकणाऱ्यांच्या बाबतीत अचानक कडा नव्हे, तर हळूहळू उतरत जाणारी उतरण दिसली. भांडण अजून मिटलेलं नाही, पण या दोन्ही हिशेबांत सात हा आकडा येत नाही.

'मूल स्पंजासारखं शोषून घेतं'

फॉरवर्डमधलं सगळ्यात गोड वाक्य हेच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसानही तेच करतं. नवीन शैक्षणिक धोरणातही, २०२०च्या, दोन ते आठ या वयात मुलं भाषा फार झपाट्यानं उचलतात असं लिहिलंय. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा घाट घातला गेला, तेव्हाही टीव्हीवरच्या चर्चांत हाच दाखला ऐकू येत होता. जूनअखेर त्याचे शासन निर्णय मागे घ्यावे लागले, पण 'लहान मुलं काय, पटकन शिकतात' हे वाक्य काही मागे गेलं नाही.

पटकन? हॉलंडमध्ये १९७८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. तिथे राहायला गेलेले इंग्रजीभाषक, तीन वर्षांच्या मुलांपासून मोठ्या माणसांपर्यंत, पहिल्या वर्षात डच कसं शिकतात ते कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेनं तपासलं. सुरुवातीला मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलं पुढे होती. वर्षअखेर ८ ते १० आणि १२ ते १५ वयाची मुलं सगळ्यात वरचढ. सगळ्यात मागे कोण? तीन ते पाच वर्षांची.

आता ग्यानबाची मेख. त्याच देशात, त्याच भाषेत वर्षानुवर्षं राहिलं तर लहान मुलं पुढे निघून जातात, हे खरं आहे. पण त्यासाठी भाषा अष्टौप्रहर भोवती असावी लागते. शाळेतल्या तासिकेतून ते होत नाही. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. दोन्ही गटांना सारखे तास मिळाल्यावर मोजलं : २००, मग ४१६, मग ७२६. पुढे होती ती उशिरा सुरू केलेली मुलं. स्वित्झर्लंडमध्येही आठ आणि तेरा अशी तुलना झाली, तिथेही उशिराच्यांनी आधीच्यांना लवकरच गाठलं.

आपल्याकडचा हिशेब करून बघा. आठवड्याला सहा तासिका, प्रत्येकी पस्तीस मिनिटांची. झाले साडेतीन तास. वर्षाचे चाळीस आठवडे धरले, आणि एकही तास गॅदरिंगच्या तालमीत गेला नाही असं धरलं, तर १४० तास. मूल दिवसाला बारा तास जागं असतं. म्हणजे शाळेतलं वर्षभराचं इंग्रजी म्हणजे जागेपणीचे बारा दिवसही नाहीत! स्पंज कितीही चांगला असो, पाणी चमचाभरच असेल तर तो भिजणार किती? आपल्या मराठी शाळांत पूर्वी पाचवीपासून असलेलं इंग्रजी २००० साली पहिलीपासून आलं. त्याला माझा विरोध नाही, गाणी-गोष्टींनी कान तयार होतो. पण शिक्षकाला स्वतःला चार वाक्यं सलग बोलता येत नसतील, तर पहिलीत सुरू केलं काय आणि पाचवीत काय.

'घरातही इंग्रजीच बोला, कार्टून लावा'

कार्टूनचा निकाल लगेच लागतो. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा खेळली, पुस्तकं वाचून दाखवली. बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळायला लागला. दुसऱ्या गटाला तोच मजकूर पडद्यावर दाखवला. त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. मोठी मुलं पडद्यावरून शब्द उचलतात, नाही असं नाही. पण पडदा काही उत्तर देत नाही.

घरात इंग्रजी बोलण्याचा नमुना मी आमच्या लिफ्टमध्ये रोज ऐकते. 'बेबी, हँड वॉश कर, मग बनाना ईट कर.' भेसळ मला खुपत नाही, भाषा भेसळीवरच जगतात. खुपतं ते वेगळंच. हीच आई मराठीत गप्पा मारायला लागली की तिच्या बोलण्यात आजोळची विहीर असते, भांडकुदळ मावशी असते, 'असं का बरं झालं असेल?' असतं. इंग्रजीत तिच्याकडे फक्त हुकूम आहेत. कम, सिट, ईट, डोन्ट टच. मुलाच्या वाट्याला गोष्ट जाऊन हुकूम आले. घरात खरोखर दोन भाषा वाहत असतील तर दोन्ही बोला, मूल गोंधळत नाही. पण स्वतःला न आलेली भाषा मुलाला कशी देणार?

'लहानपणी शिकलेली भाषा विसरत नाही'

विसरते. कधीकधी पार पुसली गेल्यासारखी. कोरियातून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या मुलांवर ख्रिस्तोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अभ्यास केला. ती तोवर मोठी झाली होती. त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतून वेगळी ओळखता आली नाहीत आणि मेंदूच्या चित्रांतही वेगळी खूण दिसली नाही. इतकं दूर कशाला, न्यू जर्सीत वाढलेल्या आपल्याच नातेवाइकांची मुलं बघा. चौथ्या वर्षी बडबड मराठीत, बाराव्या वर्षी 'आजी, आय अंडरस्टँड'. लहान मूल लवकर घेतं आणि तितक्याच लवकर सोडूनही देतं.

'उच्चार तर जमतच नाहीत'

हे माझ्या एका ग्रुपवरच्या काकांनी स्वतःच्या पदरचं जोडलेलं वाक्य, आणि त्यात तथ्य आहे. वयाचा सगळ्यात पक्का परिणाम हेलावर होतो. गंमत म्हणजे ही खिडकी सातव्या वर्षाच्या कितीतरी आधी मिटू लागते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांची होईतो बहुतेकांचा तो गेलेला. म्हणून गोरा माणूस 'टुमी' म्हणतो. तरी दार पूर्ण लागत नाही. र आणि ल यांत गोंधळणाऱ्या जपानी प्रौढांना वेगवेगळ्या आवाजांत शब्द ऐकवून सराव दिला, तर त्यांचे कान सुधारतात.

माझ्या वर्गात रड असते ती च ची. पाटण्याचे एक बँक अधिकारी 'चमचा' हिंदीसारखा म्हणायचे. मी सांगितलं, जीभ दातांमागे, त्स म्हणा. महिनाभरात 'त्समत्सा' आला. मग एके दिवशी ते म्हणाले, 'मॅडम, चिंचमधला पहिला च आमच्यासारखा आणि दुसरा तुमच्यासारखा, असं का?' मी चिंच चिंच पुटपुटत राहिले. जन्मभर बोलतेय, पण हे कधी कानावर आलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते उत्तर घेऊनच आले. च पुढे इ, ई, ए किंवा य आला की जीभ मागे सरकते. चिमणी, चेंडू, चिठ्ठी. एक चमचा, पण दोन चमचे, आणि दुसरा च बदलला. माझा-माझीतल्या झ चंही तेच. चहा, चार, चंद्र हे अपवाद त्यांनी वेगळे लिहून काढले होते. चार वर्षांच्या मराठी मुलाला हे सगळं न सांगता येतं, कारण त्याच्या गाठीशी हजारो तास आहेत. ह्या गृहस्थांकडे आठवड्याचे तीन तास होते. ते नियमानं शिकले. त्यांची वाट वेगळी, पण पोचले.

'चाळिशीनंतर वेळ फुकट'

इथे सगळे फादर स्टीफन्स यांचं नाव घेतात. सोळाव्या शतकात तिशीच्या आसपास गोव्यात आलेला इंग्रज, त्यानं मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण लिहिलं वगैरे. मला हा दाखला फारसा आवडत नाही, लोक लगेच म्हणतात की ती माणसं वेगळीच. १९६०च्या दशकात अमेरिकेतून येऊन मराठी शिकून फलटणमध्ये शाळा उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्याबद्दलही तेच म्हणतील. मला त्यापेक्षा न्यायमूर्ती रानड्यांचा न्हावी जवळचा वाटतो. १८८६ साली सरकारी समितीच्या कामासाठी ते कलकत्त्याला होते. वय ४४. तिथे त्यांनी बंगाली शिकायला घेतलं आणि हजामत करायला येणाऱ्या न्हाव्यालाच शब्द विचारायला सुरुवात केली. रमाबाईंनी ही आठवण लिहून ठेवलीय, या गुरूवरून त्यांनी नवऱ्याची चेष्टाही केली. त्या न्हाव्यानं काही त्यांना वयाचा दाखला मागितला नसावा.

वय झालं की शब्द पाठ व्हायला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. पण माझ्या वर्गात मधेच सोडून जाणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा लाज असते. ऑफिसात लोक हसतात, किंवा दुकानदार पहिल्या चुकीला हिंदीवर येतो. मूल दिवसातून शंभर चुका करतं आणि आपण कौतुकानं ऐकतो. साठीच्या माणसाला दुसरी चूक करायलाही वाव देत नाही, मग म्हणायचं वय आडवं आलं.

सध्याच्या तुकडीत सर्वांत ज्येष्ठ आहेत मदुराईच्या एक आजी, वय ६३. ळ त्यांचा आमच्या सोसायटीतल्या मराठी पोरांपेक्षा स्वच्छ, तमिळमध्ये तो आहेच. चिंचेला त्या पुळि म्हणतात. त्यांचा साडेतीन वर्षांचा नातू पाळणाघरात मराठी शिकलाय आणि आजीच्या 'ते कुत्रा'वर खदखदून हसतो. त्याचा हेल अस्सल सदाशिव पेठी आहे. येत्या जूनमध्ये मुलाची बदली चेन्नईला होतेय. नातवाचं मराठी दिवाळीपर्यंत टिकलं तरी खूप. आजींची मात्र वही आहे. तमिळ लिपीत च चे दोन प्रकार दाखवायची सोय नाही, म्हणून 'चिंच' लिहून त्यांनी दुसऱ्या अक्षराखाली लाल पेननं दोन रेघा मारून ठेवल्यात.