बाब्याची बंदी, कार्ट्याची बंदी

काल वकील कट्ट्यावर आला तो थेट मास्तरांवरच घसरला.

"गेल्या वर्षी त्या वक्त्याचं भाषण रद्द झालं, तेव्हा तुम्ही गळचेपी, गळचेपी म्हणून घसा कोरडा केलात. आता दुसऱ्याचं रद्द झालं, तर म्हणे जबाबदारीनं बोलायला काय होतं?"

"अरे, हा माणूस विष पेरतो."

"पहिल्याबद्दल माझे काका हेच म्हणत होते."

"आपला तो बाब्या..." धाकटा पुटपुटला.

मास्तर काही गप्प बसणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, "एक जण सत्तेवर टीका करतो, दुसरा जमावाला 'जाळा' म्हणतो. दोघांना एकच माप लावणं हा निव्वळ आळस झाला." मला हे पटलं. वकिलालाही पटलं असावं, पण त्यानं पेच टाकलाच. "मग हा 'जाळा' म्हणाला होता? नेमके शब्द सांगा." मास्तरांना शब्द आठवेनात. त्यांना आठवत होता फक्त चेहरा.

मग वकिलानं १९५० सालची गोष्ट काढली. 'क्रॉस रोड्स' हे डाव्यांचं साप्ताहिक. मद्रास सरकारनं त्याला राज्यात यायलाच बंदी केली. 'ऑर्गनायझर' संघाच्या विचारांचं. त्याला दिल्लीत काही मजकूर छापण्याआधी तपासून घ्यायचा हुकूम निघाला. एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ मे १९५० ला, एकाच दिवशी, दोघेही जिंकले. "आणि गंमत ऐका," वकील म्हणाला, "न्यायमूर्ती फझल अली बहुमताच्या विरोधात गेले, तेसुद्धा दोन्ही खटल्यांत. त्यांचा निकाल मला मान्य नाही, पण त्या माणसानं बाब्या-कार्टं केलं नाही."

"मग सोपंय की," धाकटा म्हणाला. "सगळ्यांवरच बंदी घाला. दुटप्पीपणा खलास!"

आम्ही हसलो, पण पोराचा मुद्दा बिनतोड होता. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि भाषणावर बंधनं घालण्याच्या कारणांत 'सार्वजनिक सुव्यवस्था' आली. डावं-उजवं न बघता, सगळ्यांसाठी! तेव्हा नुसता सारखेपणा पुरत नाही, नियमही धड हवा. (भाषणावरच्या 'वाजवी निर्बंध' यातला 'वाजवी' हा शब्दही त्याच दुरुस्तीतून आला, हे मात्र वकिलानं प्रामाणिकपणे सांगितलं.)

मास्तरांना तोवर इंग्रज कवी मिल्टन सापडला होता. छपाईला आधी परवाना घ्यायच्या सक्तीविरुद्ध त्यानं १६४४ साली पुस्तिका लिहिली, पण त्यातच कॅथलिकांना सवलत नाही म्हणून टाकलं. १६५१ मध्ये तर तो स्वतःच एका सरकारी वृत्तपत्राला छपाईची परवानगी देत होता. "एवढा मोठा माणूस घसरतो, तिथं माझं काय घेऊन बसलात?"

"म्हणूनच नाव कळायच्या आधी नियम सांगायचा," वकील म्हणाला. "कोण बोललं ते झाकून ठेवा. काय बोलला, कुणासमोर, त्यानं लगेच काय घडणार होतं, एवढंच बघा."

"तुम्ही त्या नटाच्या सिनेमावर बहिष्कार टाकला होता ना?" धाकट्यानं विचारलं.

"ते वेगळं. मी तिकीट काढलं नाही, एवढंच. सरकारनं तोंड दाबणं आणि मी न बघणं यात फरक आहे."

"पण थिएटरवाल्याला फोन करून लावू नका म्हणालात. 'लावलात तर बघा' असंही म्हणालात. मी शेजारीच होतो."

वकील थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग कट्ट्याखाली चपला शोधायला लागला.

"नेमके शब्द आठवतात हो याला," मास्तर म्हणाले.