हातातोंडाशी आलेला घास

अपेक्षित बक्षीस ऐनवेळी हुकलं की प्रत्येकाचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो, आणि ते स्वभावावर ठरतं, हा लेखातला मुद्दा पटला. पण मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांचा उल्लेख हवा होता. दिवा लागला की फळांचा रस मिळतो हे माकडाला पक्कं कळल्यावर रस दिलाच नाही, तर तो मिळायच्या नेमक्या क्षणी मेंदूतल्या डोपामिन (बक्षिसाशी जोडलेलं रसायन) सोडणाऱ्या पेशी मंदावतात. म्हणजे चटका लागतो तो अपेक्षेमुळे!

माणसांत निकाल दिसल्यावर साधारण पाव सेकंदात ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, निराशेची लाट उमटते. माझ्या दोन मुलींचं पाहा. पत्त्यांचा जिंकत आलेला डाव शेवटच्या पानावर उलटला की थोरली लगेच पत्ते पिसायला घेते. धाकटी तेच पान हातात धरून बसते, कोपरा दुमडेपर्यंत. आता हा फरक त्या पाव सेकंदातला की नंतरच्या घोळवण्यातला? लेखात दोन्हींची सरमिसळ झालीय. शिवाय थोरलीने मुळात जिंकायची आशाच कमी ठेवली असेल, तर तिचा ‘शांत स्वभाव’ कितपत खरा? (तिला विचारलं, तर हसली.)