‘सर्टिफिकेट नाही तर सवलत नाही’ म्हणे!

शाळा सुरू झाल्या की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो: मुलाला डिप्रेशन किंवा अँक्झायटी असेल तर शाळेत सांगू नका, 40 टक्के दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटशिवाय काही मिळत नाही, मिळालाच तर परीक्षेत जादा वेळ, म्हणजे फुकटचे मार्क, वर दाखल्यावर कायमचा शिक्का. त्यापेक्षा शाळेतून नाव काढा आणि 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरा.

आधी 40 टक्के. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. मुलाच्या गरजेनुसार शाळेनं सोय करून द्यायची, हे कलम 16 सांगतं, तिथे टक्केवारी नाही. ते मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही लागू आहे. परीक्षेत उत्तरं लिहून देणारा लेखनिक मागण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 11 फेब्रुवारी 2021 ला हेच स्पष्ट केलं: सोय मागायला 40 टक्के लागत नाहीत. मात्र कायद्याला दीर्घकाळची अडचण अपेक्षित आहे. परीक्षेआधीच्या आठवडाभराच्या धडधडीला तो लागू होत नाही. अर्थात बाकाची जागा बदलायला मुख्याध्यापकांना कुठलाच कायदा लागत नाही.

बोर्डाच्या परीक्षेपुरतं मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. तिथे प्रमाणपत्र मागतात आणि प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. यूडीआयडी या दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी पोर्टलवर आधी ऑनलाइन अर्ज, मग ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी. मानसिक आजार ‘आयडियाज’ मापनानं मोजतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम, शिवाय आजाराचा कालावधी. 20 पैकी 7 गुणांपासून 40 टक्के सुरू होतात. तारखा पुढे सरकतात, कागद परत येतात, म्हणून दहावीची वाट न पाहता नववीतच सुरुवात करा.

आता जादा वेळ. सीबीएसईत तासाला 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला 60. त्यानं न येणारं उत्तर येत नाही. उलट ओसीडी (तीच शंका, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) असलेल्या मुलाला तो कधी कधी नडतो. एकेक उत्तर पाचदा तपासणारं मूल तासभर जादा मिळाला की सातदा तपासतं. त्याला वेगळी खोली आणि ‘आता पुढचा प्रश्न’ म्हणणारा पर्यवेक्षक जास्त उपयोगी पडतो. पॅनिक, म्हणजे अचानक भीतीचा झटका येणाऱ्या मुलाला दाराजवळचा बाक आणि एक कार्ड द्या. आयकार्डाएवढं, कोरं. ते बाकावर ठेवायचं, बाईंनी नुसती मान हलवायची, मुलानं ठरलेल्या जागी जायचं आणि 10 मिनिटांत परतायचं. जागा ठरवली नाही तर मूल स्वच्छतागृहात जाऊन बसतं आणि शोधाशोध होते. आठवड्यात कार्ड वारंवार निघायला लागलं तर डॉक्टरांना कळवा, कार्ड काढून घेऊ नका. औषधानं सकाळी गुंगी राहत असेल तर पहिल्या तासाला उशिरा येण्याची परवानगी मागा. शाळा दोन सत्रांत भरत असेल तर दुपारचं सत्र मागा.

हे सगळं अडतं ते बहुतेकदा डॉक्टरांच्या पत्रावर. ‘उपचार चालू आहेत, सहकार्य करावे’ एवढ्या ओळीवर शाळा काय करणार? पत्रात चार गोष्टी हव्यात: वर्गात नेमकं काय होतं, त्यासाठी काय हवं, किती महिने, पुन्हा कधी पाहायचं. निदानाचं नाव गरजेपुरतंच. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या. वर्गशिक्षक जूनमध्ये बदलतात आणि तोंडी ठरलेलं त्यांच्याबरोबर जातं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसमधून निघू नका.

शिक्क्याचं म्हणाल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती, वर्तणूक, कारण, शेरा असे रकाने असतात, आजाराचा नसतो. खरी भीती दाखल्याची नाही, शिक्षकखोलीतल्या गप्पांची. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मधली गोपनीयता उपचार करणाऱ्यांना बांधते, वर्गशिक्षकांना नाही. म्हणून अर्जातच लिहा: ही माहिती मुख्याध्यापक, समुपदेशक आणि वर्गशिक्षक यांच्यापुरतीच राहावी.

आणि 17 नंबर? तो खरोखर उपयोगी पडणारी मुलं आहेत. पण शाळेच्या भीतीवर घरी बसवणं हा उपाय नव्हे, त्यानं भीती वाढते. आधी दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस असं परतणं मागून पाहा.

शाळेनं तोंडी ‘जमणार नाही’ म्हटलं तर त्याच संध्याकाळी ई-मेल करा: ‘आज आपण असं सांगितलंत, कृपया कारण लेखी द्यावं.’ उत्तर आलं नाही, तर पोच असलेला अर्ज, डॉक्टरांचं पत्र आणि हा ई-मेल घेऊन दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कायद्यानं राज्य आयुक्तांना दिले आहेत. अख्ख्या राज्याचं हे कार्यालय पुण्यातच, चर्च पथावर आहे.