नाशिकच्या म्हाताऱ्या माणसांची जबाबदारी कुणाच्या नावावर?

एकटी राहणारी आजी घरात पडली आणि दोन दिवस कुणाला कळलंच नाही, अशी बातमी आली की नाशिकच्या आमच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच वाद पेटतो. मुलं कुठे आहेत? मग परदेशात गेलेल्यांचा उद्धार होतो, वृद्धाश्रम हवेत की नकोत यावर दोन तट पडतात. मी वेल्समधल्या न्यूपोर्टला राहते, तेव्हा तो राग माझ्यावरही आहे आणि तो मला समजतो. पण या वादात महापालिका, सिव्हिल, जिल्हा परिषद यांचं नावही कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर औषधं होती आणि पुन्हा दाखवायला यायची तारीख होती. कमोडची खुर्ची कुठे मिळते, रात्री कूस कोण बदलणार, फिजिओ घरी येईल का, हे सगळं आईने ओळखीपाळखीतून शोधलं. घरी सेवेला बायका पाठवणाऱ्या ब्युरोतून आलेल्या मावशी मनापासून करायच्या, पण माणसाला उचलायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आठवड्यात त्यांचीच पाठ धरली.

वेल्सने २०१४ साली समाजसेवांचा कायदा केला, तो २०१६ पासून लागू झाला. त्याखाली सात विभागीय भागीदारी मंडळं आहेत. न्यूपोर्ट ज्या ग्वेंट भागात येतं, त्या आमच्या मंडळात पाच स्थानिक परिषदा आणि आरोग्य मंडळ एकत्र बसतात. त्यांच्यासोबत स्वयंसेवी संस्थांचे, घरच्या माणसाची सेवा करणाऱ्या नातेवाइकांचे आणि स्वतः सेवा घेणाऱ्यांचेही प्रतिनिधी असतात. भागात कुणाला कशाची गरज आहे याची पाहणी करून आराखडा मांडायचा आणि वृद्धांच्या निवासी केंद्रांसाठीचा पैसा एकत्र ठेवायचा, हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. सासूला सांभाळणाऱ्या सुनेला स्वतःला काय मदत हवी, हे तपासून घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

इथे सगळं छान चाललंय असं नाही. घरी मदतीला येणारी माणसं अपुरी पडतात. बरे झालेले वृद्ध पुढची सोय होईना म्हणून हॉस्पिटलच्या खाटेवर अडकतात. त्यात २०२५ च्या जुलैपासून ब्रिटनने या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद केली. तरीही सोय झाली नाही तर जाब कुणाला विचारायचा, हे इथे ठाऊक असतं. मला तेवढंही फार मोठं वाटतं.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्यात मुलांनी निर्वाहाला महिना दहा हजारांपर्यंत द्यावे असा आदेश प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणातून मिळू शकतो. म्हणजे कायद्याची धावही मुख्यतः मुलापर्यंतच. आणि तो मुलगा दर वेळी परदेशातच असतो असं थोडंच आहे? सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरची तरुण माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, मागे म्हातारी माणसं उरतात. त्या मुलाला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

नाशिककडे काय नाही? आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, मुक्त विद्यापीठही नाशिकलाच. दोघांनी मिळून घरी सेवा करणाऱ्या बायकांना नीट शिकवून प्रमाणपत्र दिलं तर त्यांची पाठ वाचेल, पगारही वाढेल. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, आशाताई आहेत. या सगळ्यांना एकत्र बसवणारं कुणी नाही. सिंहस्थासाठी मात्र कायदा करून २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण झालं. कुंभाला ते हवंच होतं, मी त्यावर टीका करत नाही. खाती एका बैठकीत बसू शकतात हे त्यातून दिसलं, एवढंच म्हणते.

जिल्हाधिकाऱ्यांनी ग्वेंटसारखं मंडळ बोलवावं, त्यात मावशींची आणि घरी सांभाळणाऱ्या सुनांची प्रतिनिधी असावी. पहिल्या बैठकीत एकच विषय घ्यावा. सिव्हिलमधून घरी सोडलेल्या साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाची खबर त्याच दिवशी त्याच्या वॉर्डातल्या किंवा पाड्यावरच्या आशाताईला मिळावी, आणि तिच्या त्या फेरीचे पैसे वेगळे मिळावेत.