पन्नास लाख डॉलर आणि चुलीवरचं भांडं

चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीला पश्चिमेला हाकललं तेव्हा त्यांची लूट कशी झाली, या माझ्या लेखावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की, चेरोकींनी १८३५ साली जमीन सोडण्याचा करार करून ५० लाख डॉलर घेतले, मग ही लूट कसली, हा तर व्यवहार. शिवाय त्यांच्याकडेही गुलाम होते, ते मी लपवलं.

गुलामांबद्दल तुमचं खरं आहे. जोसेफ व्हॅन या श्रीमंत चेरोकीचा जॉर्जिया राज्यातला विटांचा वाडा कसा हिसकावला, हे मी रंगवून सांगितलं. त्याची शेती कोण कसत होतं, यावर अवाक्षर नाही. १८३५च्या शिरगणतीत १६,५४२ चेरोकींबरोबर १,५९२ गुलामांचीही नोंद आहे. पुढे पश्चिमेची पायपीट गुलामांच्याही वाट्याला आली.

व्यवहाराचं मात्र पटत नाही. १८३५च्या त्या करारावर (न्यू एकोटाचा करार) मूठभरांच्या सह्या आहेत, चेरोकी राष्ट्राचा प्रमुख जॉन रॉसची नाही. विरोधाच्या अर्जावर १५ हजारांहून जास्त सह्या गेल्या, तरी अमेरिकेच्या सिनेटमध्ये करार एका मताने तरला. आणि घरं तर करार व्हायच्या आधीच जात होती! जॉर्जियाने १८३२मध्ये चेरोकींच्या जमिनीची चक्क लॉटरी काढली: १६० एकरांचे तुकडे, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे. १८३५मध्ये रॉस वॉशिंग्टनहून परतला, तर त्याच्या घरात लॉटरी लागलेला माणूस बिऱ्हाड थाटून बसलेला.

आता भरपाई. जमीन सगळ्या राष्ट्राची सामाईक होती. कुटुंबाचं स्वतःचं म्हणजे घर, कुंपण, कसलेलं शेत, लावलेली झाडं. १८३६-३७मध्ये सरकारी माणसांनी दारोदार जाऊन त्यांचा पंचनामा केला (मला याहून जवळचा शब्द सुचत नाही): ओंडक्यांचं घर, मक्याची कणगी, पीचची झाडं किती, सफरचंदाची किती. पण १८३८च्या मे महिन्यात अमेरिकी लष्कराच्या जनरल स्कॉटचे सैनिक आले, तेव्हा माणसं जेवत्या ताटावरून, चरख्यावरून उठवून नेली. चुलीवरचं भांडं, अंथरूण-पांघरूण, गोठ्यातली गाय, शेतात उभा मका, सगळं जागच्या जागी राहिलं. सैनिकांची पाठ वळते न वळते तोच लुटारू घरात शिरत. चांदीच्या दागिन्यांसाठी थडगीसुद्धा उकरली.

म्हणून तर १८४२मध्ये पश्चिमेकडच्या नव्या मुलखात नुकसानीचे दावे लिहून घेतले, त्यांत लोखंडी भांडी, कुदळी, डुकरं, कोंबड्या असं सगळं येतं. ‘कोंबड्यांचा हिशेब’ म्हणून तुम्ही हसलात. पण व्हॅनसारखे श्रीमंत थोडे होते, बाकीच्यांचा संसार असाच मोजावा लागतो.

‘चोरी झाली तर कोर्टात का गेले नाहीत?’ असंही विचारलंत. जॉर्जियाच्या १८२९च्या कायद्याने गोऱ्या माणसाविरुद्ध इंडियनाची (म्हणजे मूळ रहिवाशाची) साक्षच बाद केली होती. गाय कोणी हाकून नेली ते सगळ्या वस्तीने पाहिलं तरी सांगायचं कुणाला?

राहिले ते ५० लाख. लोकांना हाकलून नेण्याचा खर्च सरकारने त्याच रकमेतून वळता केला. हे माझं मत नव्हे. १९०६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यापायी ११,११,२८४ डॉलर ७० सेंट, १२ जून १८३८पासून ५ टक्के व्याजासह, सरकारच्या अंगावर टाकले.

व्हॅनचा परिच्छेद आज दुरुस्त केला आहे. शीर्षकातला ‘लूट’ हा शब्द तसाच ठेवतो.