पोस्टमन कार्नी

"मेडल ऑफ ऑनर मिळालेला माणूस, आणि पुढे काय, तर ३२ वर्षं टपाल वाटत फिरला!" मेडल ऑफ ऑनर म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक. ते मिळालेल्या विल्यम कार्नी या काळ्या शिपायाची गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास असं चुकचुकतं. काल जेवताना आमच्या घरीही तेच. मला हे चुकचुकणं पटत नाही. हळहळायचंच असेल तर जागा चुकतेय.

कार्नी १८४० साली व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये जन्मला, गुलामगिरीतच. पुढे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला आलं. धर्मोपदेशक व्हायचं मनात होतं. पण अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी पेटलेली, आणि १८६३ मध्ये तो ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाला. शिपाई काळे, अधिकारी गोरे.

१८ जुलै १८६३. चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी असलेला दक्षिणेचा किल्ला, फोर्ट वॅग्नर. अंधार पडताना वाळूतून हल्ला चढवला. निशाणवाला पडला, तसं कार्नीनं निशाण उचललं आणि तटापर्यंत नेलं. माघारी येताना गोळ्या लागत गेल्या. दुसऱ्या पलटणीतला एकजण म्हणाला, आण, मी घेतो. हा देईना! ५४व्यातल्याच माणसाच्या हाती देईन म्हणे. सुमारे ६०० जण गेले होते; त्यातले २७० च्या आसपास मेले, जखमी झाले किंवा हाती लागले. पलटणीचा गोरा प्रमुख कर्नल शॉ पडला. शत्रूनं त्याला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. किल्ला काही मिळाला नाही.

आता पगाराचं ऐका. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. ५४व्या पलटणीनं ते पैसे घेतलेच नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्य म्हणालं, वरचा फरक आम्ही भरतो. तेही नको! घरी बायकापोरं उपाशी, आणि हे वर्षाहून जास्त काळ फुकट लढतायत. १८६४ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कायदा केला तेव्हा कुठे बरोबरीचा पगार मिळू लागला. माझ्या लेखी हे निशाणाइतकंच मोठं, पण याला कोण पदक देणार?

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या 'सदाचारी' लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. ती अर्पणपत्रिका मी आता वाचतो तेव्हा मला हे ७ डॉलर नाकारणारे दिसतात. औदार्याची वाट बघत बसले नव्हते ते.

राहिली पोस्टाची नोकरी. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाला सरकारी, कायमची नोकरी, गावात मान. यात वाईट काय? वाईट वाटायचं तर पदकाच्या तारखेचं वाटू द्या: २३ मे १९००. म्हणजे ३७ वर्षांनी. तोवर कार्नी न्यू बेडफर्डमध्ये पत्रंच वाटत होता. निवृत्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी.