कांडप चालू आहे हो, बंद फक्त मॅपवर आहे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. आधीच सांगते.

कोल्हापुरातलं एक मिरची कांडप, म्हणजे मिरची-मसाला कुटून देणारं दुकान. ऐन चटणीचा, म्हणजे वर्षाचं तिखट करून ठेवायचा सीझन. बाहेर डब्यांची रांग, आत कुटायचे डंक धाडधाड चालू, आणि गूगल मॅपवर लाल अक्षरांत 'कायमचं बंद'. पुण्याहून माहेरी आलेली एक मुलगी ब्याडगी-संकेश्वरी मिरची आणि भाजलेला मसाला पिशवीत घेऊन दोन गल्ल्या अलीकडे उभी होती. तिनं ते वाचलं आणि रिक्षा करून दुसरीकडं गेली. मालक काकांचं म्हणणं: "आपण त्या ऑनलाइनच्या भानगडीत पडत नाही."

अहो काका, तुम्ही कधीच पडलाय! कुणीतरी गिऱ्हाइकानं दुकानाचं नाव टाकलं, पिन टाकली, दारातल्या स्कूटरचा फोटो टाकला. पावसाळ्यात काम नसतं म्हणून तुम्ही शटर ओढलं. कुणीतरी हेलपाटा घालून वैतागला आणि 'बदल सुचवा' दाबून 'बंद झालंय' असं कळवून मोकळा झाला. गूगल खात्री कुणाकडून करणार? त्या नोंदीला मालकच नव्हता. दुकान तुमचं, पण ते चालू की बंद हे ठरवणार कुणीही वाटसरू.

मला राग याचाच येतो. कोपऱ्यावरची दुकानं टिकली पाहिजेत असं आपण सगळेच म्हणतो, आणि मग दुकानदाराला 'डिजिटल व्हा' एवढा उपदेश करून घरी जातो. बरं, रांग आहे म्हणजे काकांचं भागतंय, मान्य. पण रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या लेकी पुण्या-मुंबईत आहेत, आणि त्या पत्ता आईला नाही, फोनला विचारतात.

तर करायचं काय? वेबसाइट नको, रील तर नकोच. आधी ती नोंद ताब्यात घ्या. काकांच्या फोनवर, काकांच्याच जीमेलनं. मॅपवर दुकानाच्या नावाखाली 'हा व्यवसाय तुमचा आहे का' अशा अर्थाची ओळ असते, ती दाबा. नवी नोंद करू नका. एका दुकानाच्या दोन नोंदी झाल्या की रिव्ह्यू एकीकडे आणि फोन नंबर दुसरीकडे, असा घोळ होतो.

पुढं पडताळणी, म्हणजे दुकान तुमचंच आहे याची गूगलनं केलेली खात्री. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: सलग, न कापलेला, निदान ३० सेकंदांचा आणि पडताळणीच्या पानावरूनच काढलेला. गॅलरीतला जुना चालत नाही. सुरुवात रस्त्यावरून करा. गल्लीच्या नावाची पाटी, शेजारचं दुकान, मग आपला फलक, मग किल्लीनं शटर उघडणारा हात, आत यंत्र, शेवटी पैशांच्या गल्ल्यामागं जाणं. जे फक्त मालकालाच जमतं ते त्यांना बघायचं असतं. चेहरा दिसायची गरज नाही, आधार कार्ड तर दाखवूच नका. नापास होणारे बहुधा व्हिडिओ दुकानाच्या आतूनच सुरू करतात, नाहीतर फलकावर एक नाव आणि नोंदीत दुसरंच असतं. निकालाला कामाचे पाच दिवस लागू शकतात, तोवर रोज नवा व्हिडिओ पाठवत बसू नका.

नावावरून आठवलं आणि परत तिडीक गेली. 'गूगलवर एक नंबरला आणतो' म्हणत बाजारात फिरणारे एजंट नावातच 'कोल्हापुरातील बेस्ट मिरची कांडप चटणी मसाला' असलं काहीतरी कोंबतात. नियमात हे बसत नाही, नोंद निलंबित होऊ शकते. तोवर पैसे गेलेले असतात आणि नोंद एजंटच्या जीमेलवर असते. ऐका, ही नोंद फुकट आहे. गूगल तिचे पैसे घेत नाही. शोधात वर कोण येणार हे ठरतं ते शोधलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळतं, किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे यावर. जाहिरात वेगळी, तिची कांडपाला काही गरज नाही. पुतण्याची मदत जरूर घ्या, पण त्याला 'व्यवस्थापक' करा. मालकी काकांच्याच खात्यावर राहू दे.

ताबा मिळाला की पिन. ती इमारतीच्या मधोमध असेल तर मॅप कधीकधी माणसाला मागच्या बोळात नेऊन सोडतो. सॅटेलाइट दृश्य लावा आणि पिन ओढून बरोबर शटरवर आणा. वेळ टाकताना दुपारची सुट्टी विसरू नका, सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेगळ्या वेळा भरता येतात. पावसाळ्यात शटर ओढायच्या आधी स्वतःच 'तात्पुरतं बंद' करा. एवढं एक केलं असतं तर ती मुलगी परत गेली नसती. व्यवसायाचा मुख्य प्रकार एकच निवडता येतो, जोडीला आणखी ९. कांडप असा प्रकार यादीत सापडला नाही तर मसाल्याचं दुकान किंवा पिठाची गिरणी यांपैकी जे जास्त चालतं ते मुख्य ठेवा. फोटो तीनच पुरेत: समोरच्या फुटपाथवरून दिवसाउजेडी काढलेला फलक, यंत्र आणि दरपत्रक.

इतकं बोलले, पण काकांवर राग धरवत नाही. सकाळपासून मिरचीच्या खकाण्यात उभा असलेला माणूस, हात तिखटानं भरलेले. तो फोन उचलणार कधी? म्हणून तर व्हॉट्सॲप बिझनेस, दुकानदारांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप. फलकावर वर्षानुवर्षं रंगवलेला लँडलाइन नंबर आहे ना, तोच त्यात चालतो. नंबर टाकायचा, एसएमएस येणार नाही, थोडं थांबून 'मला कॉल करा' निवडायचं. दुकानातला फोन वाजतो आणि कोड ऐकू येतो. मग एक झटपट उत्तर तयार ठेवा: मिरची कडक उन्हात वाळवून, देठ काढून आणा, मसाला भाजून, गार करून आणा, लसूण आणि मीठ वेगळं. ओलसर मिरचीचे गोळे होतात, कुटायला वेळ लागतो आणि मागची सगळी रांग खोळंबते. रोज तोंडानं सांगायच्या या गोष्टी आधीच पोचल्या तर काकांचा घसाही वाचेल.

रिव्ह्यूत एक तारा देणारे महाभाग भेटतात, हेही खरं. त्यांना दोन ओळींत शांतपणे उत्तर द्या आणि सोडून द्या. रिव्ह्यूच्या बदल्यात पाव किलो फुकट असला प्रकार करू नका, नियमाविरुद्ध आहे. रिव्ह्यूचा क्यूआर पैशांच्या क्यूआरशेजारी लावू नका, लोक चुकीचा स्कॅन करतात आणि गल्ल्यावर गोंधळ होतो.

आणि फेब्रुवारी संपता संपता 'कांडप सुरू झालं' असा व्हॉट्सॲपवर एक ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच निरोप एकदम सगळ्यांना. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवताच की, त्याच चिठ्ठीवर नंबर आणि 'सेव्ह करा' छापून घ्या. चटणीचा डबा वर्षभर घरात असतो.

व्हिडिओच्या पायरीला कुणाचं अडलं तर खाली लिहा. रात्री उत्तर देते.